डांगराचा वेल काढू की ठेवू? सोलापुरातली हिवाळी परसबाग आणि घरात साठलेली डांगरं

परसदार
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे. माती काळी, दोन फुटांखाली मुरूम. मृगाच्या पावसावर कुंपणाकडेला डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया टोकल्या होत्या. वेल इतका माजला की शेडच्या पत्र्यावर चढला आणि आता जागोजागी डांगरं लोंबतायत. पितृपक्षात भाजी झाली, शेजारीपाजारी फोडी वाटून झाल्या, तरी घरात रास आहेच. काही फळं अजून हिरवी आहेत.

अडचण जागेची आहे. सगळी जागा वेलानं धरलीय आणि मला तिथंच मेथी, पालक, गाजर, लसूण लावायचाय. वेलाला अजून फुलं येतायत, बारकी फळंही धरलीत, त्यामुळं उपटून टाकायला जीव होत नाही. हस्ताचा पाऊस परवा झोडपून गेला, माती ओली आहे. आधी काय करू? आणि डांगर घरात किती दिवस टिकतं? पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून इथं काही जमत नाही, कारण आपल्याकडं खरा पाऊसच सप्टेंबरात पडतो.

काळी माती
ताई, तुमचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. माझी शेती मोहोळ तालुक्यात, त्यामुळं शेतकऱ्याच्या नजरेनं सांगतो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यातला मोठा वाटा उत्तरा-हस्तात, परतीच्या पावसात येतो. म्हणून तर आपण रब्बीची माणसं. मालदांडी ज्वारी, करडई, हरभरा हे सगळं सरत्या पावसाच्या ओलीवर येतं. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात १९३३ साली सुरू झालं, ते याच हवापाण्यामुळं. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण आपल्याच काळ्या रानाची. परसबागेलाही हेच पंचांग लागू आहे. कोकणात, घाटमाथ्यावर लोक जूनमध्ये जे करतात ते आपण आत्ता करायचं.

वेलाचं बघू. आत्ता फूल बसून फळ धरलं तर ते पक्कं व्हायला अजून चाळीस-पन्नास दिवस जातात. तेवढे दिवस सगळी जागा अडवून ठेवायची का, हा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: पत्र्यावर गेलेला भाग हिरवागार असेल, पानांवर भुरी (पांढरी बुरशी) नसेल, तर तो राहू द्या आणि त्यावरची दोन-तीन मोठी फळं ठेवा. जमिनीवर पसरलेला वेल मात्र काढा. मूठभर आकाराची फळं कोवळी आहेत, त्यांची दुधीसारखी भाजी होते. नर फुलं भज्याला, कोवळे शेंडे पालेभाजीला. नर फूल ओळखायचं म्हणजे त्याच्या खाली गोळा नसतो, नुसता लांब देठ असतो.

जमिनीवरचा वेल हिसका देऊन उपटू नका. पसरलेला वेल पेराला मुळ्या सोडतो आणि काळ्या ओल्या मातीत ओढला की ढेकळंच्या ढेकळं वर येतात. त्याच मुळ्यांवर पत्र्यावरचा भागही जगत असेल, म्हणून बुंधा कोणता ते आधी शोधा. मग विळ्यानं बाकीचे फाटे मातीलगत कापा. मुळ्या आत राहू द्या, कुजतील.

आता डांगरं उतरवायची कशी. देठ कडक होऊन तपकिरी पडला, सालीची चकाकी गेली, नखानं दाबलं तरी ओरखडा उठेना, की फळ पक्कं झालं. कापताना बोटभर तरी देठ फळाला ठेवा. देठाला धरून उचलू नका. देठ मोडला की तिथूनच कूज आत शिरते. फळ धुवायचंही नाही, माती लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. मग आठ-दहा दिवस हवेशीर, उबदार, कोरड्या जागी पसरून ठेवा. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्याचा हा एक मोठा फायदा आहे, साल फार छान टणक होते. फक्त रात्री पावसाचा रंग दिसला तर आत घ्या.

त्यानंतर साठवण. फरशीवर ठेवू नका. कडब्याच्या पेंढीवर किंवा फळीवर ठेवा, एकाला दुसरं लागू देऊ नका, थर तर मुळीच लावू नका. आठवड्यातून एकदा उलथून खालची बाजू बघायची. असं ठेवलं तर तीन-चार महिने आरामात जातं, म्हणजे संक्रांत ओलांडते. देठ मोडलेली, खरचटलेली आधी खायला काढा. पूर्ण वाढ झालेलं पण अजून हिरवं असलेलं डांगरही घरात ठेवल्यावर हळूहळू पिवळं-तपकिरी होतं आणि आतल्या पिठाची साखर होत जाते. उतरवल्या दिवशीच्या डांगरापेक्षा महिनाभर ठेवलेलं जास्त गोड लागतं ते यामुळंच.

गच्चीवरची बाग
मी होटगी रोडला, सगळी बाग गच्चीवर. परसदार ताई, पेरणीची घाई करू नका एवढंच सांगते. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर इतका तापतो की धने उगवतच नाहीत, आणि उगवले तर कोथिंबीर लवकर फुलावर येते. मी धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करते, रात्रभर भिजवते, सकाळी पेरते आणि वर ओलं गोणपाट अंथरते. रोज सकाळी गोणपाटाचा कोपरा उचलून बघायचं. पांढरे मोड वाकून वर यायला लागले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस जरी उशीर झाला तर मोड पिवळे, लांबट होऊन गोणपाटात अडकतात.

कुंड्यांत नुसती काळी माती नको, वाळली की दगड होते आणि कडेनं फट पडून पाणी तसंच खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कुजलेलं प्रेसमड (साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणारा गाळ). आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, प्रेसमड मिळायला अडचण नाही, पण ते पूर्ण कुजलेलं बघून घ्या. ताजं असेल तर तापतं आणि मुळ्या जळतात.

कोरडवाहू
किराणा दुकानातले धने पेरता का तुम्ही? मला ते पटत नाही. जुने असतात, उगवण कमी.

गच्चीवरची बाग
पेरते की. आधी ओल्या फडक्यात मूठभर गुंडाळून ठेवते. निम्म्याहून जास्त मोड आले तर तेच पेरते, नाही आले तर बियाण्याचं पाकीट आणते. मेथीलाही तसंच. स्वयंपाकघरातली मेथी मला कधी नडली नाही.

काळी माती
उगवण तपासूनच पेरायचं, हे दोघांचंही बरोबर. आमच्याकडं जुनी माणसं घटात पेरलेलं धान्य कसं उगवलंय ते बघून बियाण्याचा अंदाज घेतात. यंदाही घट बसलेत, बघून घ्या.

चंद्रभागा
मी पंढरपूरची. साठवणीला एक जोड. आमच्या जुन्या वाड्यात डांगरं दोरीच्या शिंक्यात घालून आढ्याला टांगलेली असायची. चारी बाजूंनी वारा, उंदीर नाही, ओल नाही. फळीपेक्षा मला शिंकंच बरं वाटतं. आता घरात आढी राहिली नाहीत, पण जिन्याखालच्या हुकाला टांगता येतं.

आणि परसदार, घरात तीच ती भाजी म्हणून डांगर कंटाळवाणं होतं. घारगे करा. डांगर किसून घ्या, जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर परता, त्यात किसाच्या निम्मा गूळ घाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. डांगराचं आणि गुळाचं पाणी सुटतं, त्यातच ते शिजतं. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ दिसायला लागला की उतरवा. कोमट झालं की मीठ, जायफळ, खसखस, मूठभर रवा, आणि कणीक मावेल तेवढीच. इथं सगळी मेख आहे. कणीक मोजून घालू नका. गोळा हाताला किंचित चिकटत असतानाच थांबायचं, तासाभरात रवा फुगून तो आपोआप घट्ट होतो. आधीच घट्ट मळला तर घारगे चामट होतात. तेल लावलेल्या प्लास्टिकवर थापून मध्यम आचेवर तळा. तीन-चार दिवस टिकतात, प्रवासाला चालतात. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या डब्यात आमच्याकडं हेच.

पूर्व भाग
सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या तेलुगू घरांत डांगराचं पुलुसू करतात, तेही लिहिते. फोडी सालासकट मोठ्या ठेवायच्या. फोडणीत मोहरी, मेथीदाणे, सुकी मिरची, कढीपत्ता. उभा चिरलेला कांदा, मग फोडी, हळद, तिखट. फोडी अर्ध्या शिजल्या की चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून सोडायचं, रसाला दाटपणा येतो. आंबट, गोड, तिखट सगळं एकदम लागतं. गरम भाताबरोबर करा. आमच्या घरी दुसऱ्या दिवशीचं शिळं पुलुसू जास्त आवडीनं खातात, मुरतं ना ते.

साली फेकू नका, त्या तेलात कुरकुरीत परतून तीळ, शेंगदाणे, लसूण, लाल तिखट घालून कुटा. शेंगाचटणीच्या जोडीला ताटात ही चटणी असली की भाकरी कधी संपली कळत नाही.

परसदार
खूप खूप आभार सगळ्यांचे. घारगे उद्याच करते, सासूबाईंनाही हे वाचून दाखवलं. त्या काळं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घालून, मेथीदाण्याच्या फोडणीची सुकी भाजी करतात, ती आमच्याकडं ठरलेली.

काळी माती दादा, बुंधा सापडला. फाटे कापले. पण पडलेली दोन फळं उचलली तर आत अळ्या वळवळत होत्या. त्याचं खत करू का? आणि नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं पाणी जड आहे, मातीवर पांढरं येतं. त्यावर काय लावू?

काळी माती
त्या अळ्या फळमाशीच्या. ती फळं खतात टाकू नका. अळी मातीत उतरून कोष करते आणि माशी होऊन परत येते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग खोल पुरा. जिथं ती पडली होती तिथली माती खुरप्यानं वीतभर उकरून उन्हात उघडी टाका. पुढच्या वर्षी फुलं लागताच कामगंध सापळा (वासानं नर माश्या ओढून पकडणारा) टांगा. दुकानात मागताना भोपळा-काकडीसाठीचा ‘क्यू ल्युर’ म्हणून मागा. आंबा-पेरूचा ‘मिथाईल युजेनॉल’ वेगळा, तो इथं कामाचा नाही. वेल लहान असताना पानांना चाळणी करणारे तांबडे भुंगेरे येतात, ते पहाटे गारठ्यात सुस्त असतात तेव्हा हातानं वेचायचे.

जड पाण्याला बीट आणि पालक चांगले तग धरतात. घेवडा, गाजर, कांदा, लसूण यांना क्षार सोसत नाही, त्यांना नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी राखून ठेवा. आत्ता पावसानं वरचे क्षार धुऊन खाली नेलेत, तेव्हा गाजराची पेरणी याच दिवसांत झालेली बरी.

पण आधी वाफसा, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी, कामाजोगी झाली का ते बघा. मातीची मूठ वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटली तर कामाला लागा, चिकट गोळा तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत खुरपं घातलं तर जी ढेकळं होतात ती हंगामभर फुटत नाहीत. वाफसा आला की शेणखत मिसळून गादीवाफे करा, पेरा, आणि रोपं बोटभर झाली की मधे शेंगांची टरफलं किंवा उसाचं पाचट अंथरा. आपल्याकडं पाणी घालण्यापेक्षा असलेली ओल धरून ठेवणं जास्त महत्त्वाचं.

अक्कलकोटकर
इतका वेळ वाचत होतो, आता राहवेना. मी पेरणी ठरवताना उलटी मोजणी करतो. दोन सण डोळ्यासमोर ठेवायचे: येळवस (वेळ अमावस्या) आणि भोगी.

वेळ अमावस्या मार्गशीर्षाची, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात, कधी जानेवारीच्या पूर्वार्धात. त्या दिवशी शेतात भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. भज्जीत मेथी, पालक, कांद्याची पात, ओला हरभरा, तुरीचे दाणे, घेवडा, जे जे रानात असेल ते. भोगी १३ किंवा १४ जानेवारीला. तिला गाजर, वांगी, पापडी, हरभरा, तीळ, बोरं, बाजरीची भाकरी. या दोन दिवसांची भाजी घरच्या वाफ्यातून निघाली पाहिजे, असा माझा हट्ट असतो.

मग मोजा. गाजराला तीन महिने लागतात, म्हणजे भोगीसाठी दसरा-कोजागिरीच्या आसपास पेरलंच पाहिजे. हरभरा घाट्यावर (दाण्याच्या शेंगांवर) यायला अडीच महिने, तोही याच पंधरवड्यात टाका. वांग्याचं रोप विकत आणून आत्ता लावलं तर डिसेंबरात तोडा सुरू होतो. कोबी-फ्लॉवरचीही तयार रोपं आणा, बी टाकून रोप करायला महिना जातो. मेथी महिनाभरात येते, म्हणून ती एकदम सगळी पेरू नका. एक वाफा आत्ता, पुढचा दिवाळीत, मग दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी. मुळ्याला थोडी थंडी पडू द्या, ऑक्टोबरच्या उन्हातला मुळा फार तिखट होतो. वाटाण्यालाही तेच, नोव्हेंबर लागल्यावर.

आणि एक ओळ करडईची टाका, कोणी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम सांगतो. दाट पेरायची आणि तीन आठवड्यांनी विरळणी करायची. उपटलेली कोवळी रोपं म्हणजे करडईची भाजी. लसणाच्या फोडणीवर, मुगाची डाळ घालून. मोठी झाल्यावर काटे येतात, तेव्हा खायचे दिवस हे मोजकेच. हरभऱ्याचेही शेंडे महिनाभरानं खुडा, झाड फुटवे धरतं आणि खुडलेल्या पाल्याचा कांदा, कूट, तेल घालून घोळाणा होतो. तो आंबूस पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यातही भाजी होते.

मेथी हातात येईपर्यंत, म्हणजे दसरा ते दिवाळी, मंडईत पालेभाज्या महाग असतात. लक्ष्मी मंडईत या दिवसांत जाऊन बघा. तेवढा काळ घरातलं डांगर निभावून नेतं. आमच्या भज्जीतही डांगराच्या चार फोडी पडतातच.

कोरडवाहू
उलटी मोजणी आवडली, वहीत लिहून घेतली. गच्चीवर गाजर जमेल का?

गच्चीवरची बाग
फूटभर खोलीची कुंडी असेल तर हो. माती चाळून घ्या, खडा लागला की गाजराला दोन पाय फुटतात. मेथी-पालकाला अर्धा फूट पुरतो.

नवा गडी
मी मूळचा बार्शीचा, सध्या पुण्यात. आमच्या आत्याकडून गावरान डांगर आलंय, चव फार सुरेख. त्याचं बी धरता येईल का? वेलाशेजारी दुधी आणि दोडका होता म्हणे, संकर झाला असेल का? आणि एकदा मला भोपळा कडू लागला होता, तो खावा का?

काळी माती
कडूचं आधी. डांगर असो, दुधी असो, दोडका असो, कडू लागला की फेकायचा. शिजवून, गूळ घालून कडूपणा मोडायला जाऊ नका. ते कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं, उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो. चिरल्यावर कच्ची बारीक फोड जिभेला लावून बघायची, कडू असेल तर थुंकून टाकायची. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

दुधी-दोडक्याशी डांगराचा संकर होत नाही, कोहळ्याशीही नाही. शेजारी दुसऱ्या वाणाचं डांगर असेल तरच होतो, कारण मधमाश्या लांबून पराग आणतात. तशी शंका असेल तर पुढच्या वर्षी उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवा. सकाळी लवकर उघडा, नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादीच्या मध्यावर फिरवा, मादी फूल परत बांधा आणि देठाला रंगीत चिंधी लावा. त्या फळाचं बी हमखास वाणाचं येतं. मात्र मूळ बी संकरित पाकिटातलं असेल तर पुढची पिढी तशी निघत नाही. ‘अर्का चंदन’सारखा सरळ वाण किंवा तुमच्या आत्याचं गावरान, यांचंच बी धरायचं.

आलेलं डांगर लगेच कापू नका. पक्कं असेल तरी तीन-चार आठवडे ठेवा, आत बी भरत राहतं. मग बी काढून चोळून धुवा. पाण्यावर तरंगणारं पोकळ बी काढून टाका. सावलीत ताटात पसरून वाळवा, वाकवलं तर कट्‌कन मोडलं पाहिजे. चुलीची राख मिळाली तर ती चोळून बरणीत भरा. जास्तीचं बी तव्यावर मीठ लावून भाजा, पोरं आवडीनं खातात.

परसदार
माझ्याकडच्या दोन मोठ्या डांगरांचं बी धरणार आहे, गावरानच आहे. कोणाला हवं असेल तर संक्रांतीनंतर सांगा, जुळे सोलापुरातून घेऊन जा. आज मूठ वळून बघितली, गोळा अजून फुटत नाही. परवा परत बघते. तोवर गाजराचं बी आणि करडई आणून ठेवते.

पूर्व भाग
मला हवं. बदल्यात आमच्याकडच्या वाल पापडीचं बी देते. पापडीचा वेल त्याच कुंपणावर चढवा, आत्ता टोकलं तर भोगीला निदान पहिली तोड मिळेल.